कामगारकपातीनंतर कारखाना खरोखर सावरतो का? (चिंचोळी एमआयडीसीतील एका प्रश्नाच्या निमित्ताने)

हिप्परगा (धागाकर्ता)

माझा धाकटा भाऊ चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गेली चौदा वर्षे कामाला आहे. इंजिनाचे सुटे भाग ओतायचे, मशीन शॉपमध्ये ते कापून-घासून मापात आणायचे आणि वाहन कंपन्यांना पाठवायचे, असा तेथील व्यवसाय. भाऊ अजून नोकरीत असल्याने कारखान्याचे नाव देत नाही, आणि कोणी ओळखले तरी कृपया येथे लिहू नये.

दिवाळीनंतर प्रथम कंत्राटी मुलांना ठेकेदाराकरवी 'सोमवारपासून येऊ नका' असे सांगण्यात आले. त्यांची यादी लागली नाही आणि ती मुले नेमकी किती होती हे आजही कोणाला सांगता येत नाही. मग एका शनिवारी, दुसरी पाळी सुटण्याच्या वेळेस, टाईम ऑफिसबाहेरच्या फलकावर तीन टंकलिखित पाने लागली. २९० कायम कामगारांपैकी ११८ जणांची नावे त्यांत होती. भाऊ सांगतो की ज्यांचे नाव यादीत नव्हते तेही पुन्हा पहिल्या पानापासून ओळीवर बोट ठेवून खाली येत होते, आणि रात्रीची कंपनीची बस त्या दिवशी पाऊण तास उशिरा सुटली.

व्यवस्थापनाने उरलेल्यांना जमवून असे सांगितले की हे कटू औषध एकदाच घ्यायचे होते, आता कंपनी सावरेल. त्यानंतर दोन महिने उलटण्याच्या आतच उरलेल्यांसाठी ऐच्छिक निवृत्तीची योजना आली आहे. ती घ्यावी की थांबावे, असा भावापुढे प्रश्न आहे. मला मात्र त्याआधीचा प्रश्न पडला आहे. इतकी माणसे कमी केल्यावर एखादा कारखाना खरोखर पुन्हा उभा राहतो का? राहत असेल तर तो कशामुळे राहतो? ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांनी लिहावे ही विनंती. सहानुभूती पुष्कळ मिळाली आहे, माहिती हवी आहे.

---

ताळेबंद

मी हिशेबाच्या बाजूने लिहितो, कारण तेवढेच मला कळते.

ओतकामाच्या धंद्यात खर्चाचा मोठा वाटा भंगार, पिग आयर्न (कच्चे लोखंड) आणि भट्टीची वीज यांचा असतो. त्यात कर्ज असेल तर व्याज. मजुरी त्यामानाने लहान. तरीही सर्वांत आधी कुऱ्हाड तिच्यावर पडते, कारण विजेचा दर मालकाच्या हाती नसतो, बँकेचा हप्ता नसतो, आणि गाडीची कंपनी भाव वाढवून देत नाही. हाती असते ते माणूस कमी करणे. म्हणून कपात झाली एवढ्यावरून कंपनीच्या दुखण्याचे मूळ पगार होते असा निष्कर्ष काढू नये. बहुतेक वेळा मूळ दुखणे मागणी घटल्याचे किंवा कर्जाचे असते.

दुसरे असे की कपातीचा लाभ लगेच दिसत नाही. भरपाई, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे हे सर्व आधी रोख द्यावे लागते आणि पगाराची बचत पुढे महिन्यामहिन्याने होते. म्हणजे आधीच रोकड नसलेली कंपनी पहिले काही महिने आणखी तंगीत जाते. या काळात बाहेरून पैसा आला नाही, तर कपात हीच शेवटच्या घसरणीची सुरुवात ठरू शकते.

उदाहरण घ्यायचे तर निस्सान या जपानी मोटार कंपनीचे घ्यावे, कारण त्या एकाच कंपनीत दोन्ही गोष्टी दिसतात. १९९९ साली ती गळ्यापर्यंत कर्जात होती. रेनो कंपनीने ६४३ अब्ज येन घालून ३६.८ टक्के हिस्सा घेतला आणि १८ ऑक्टोबर १९९९ रोजी जाहीर झालेल्या योजनेत मनुष्यबळ १,४८,००० वरून १,२७,००० वर आणण्याचे ठरले. सर्वांना आठवतात ते २१,००० कामगार. पण त्याच योजनेत सुटे भाग पुरवणाऱ्यांची संख्या १,१४५ वरून ६०० वर आणणे, खरेदीचा खर्च २० टक्क्यांनी उतरवणे, कर्ज निम्म्यावर आणणे आणि नव्या गाड्या बाजारात उतरवणे हेही होते. त्या वर्षी ६८४ अब्ज येन तोटा होता. पुढच्याच वर्षी ३३१ अब्ज येन नफा झाला. (तोट्याच्या वर्षात पुढचे बरेच खर्च एकदम दाखवले की पुढचे वर्ष आपोआप गोरे दिसते, हे आमच्या व्यवसायातील उघड गुपित आहे. तरीही पुढील वर्षे खरोखर चांगली गेली हे मान्य केले पाहिजे.)

आणि तीच निस्सान मे २०२५ मध्ये ६७०.९ अब्ज येनांचा तोटा दाखवून २०,००० माणसे कमी करण्याची आणि १७ कारखान्यांचे १० करण्याची घोषणा करते. तेव्हा 'एकदाच घ्यायचे औषध' या शब्दांवर मी फारसा विसंबणार नाही.

---

कडक_भाकरी

ताळेबंद यांचे विवेचन चांगले आहे, परंतु निस्सान म्हणजे सोलापूर नव्हे. धागाकर्त्यांच्या भावाच्या कारखान्यात कोणती रेनो येणार आहे? आपल्याकडच्या एखाद्या कारखान्याने माणसे काढून पुन्हा उभारी घेतल्याचे उदाहरण असेल तर सांगावे.

---

ताळेबंद

आहेत. टाटा स्टीलमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस सुमारे ७८ हजार माणसे होती. पुढील दहा-बारा वर्षांत ती जवळपास निम्मी झाली आणि पोलादाचे उत्पादन मात्र वाढले. तेथे मुदतपूर्व निवृत्ती घेणाऱ्याला एकरकमी पैसे देऊन मोकळे करण्याऐवजी निवृत्तीच्या वयापर्यंत दरमहा रक्कम देण्याची योजना होती. आणि त्याच काळात जुन्या भट्ट्या मोडून नवी यंत्रसामग्री बसवणे चालू होते. २००० साली जमशेदपूरला नवी कोल्ड रोलिंग मिल (पोलादाचे पातळ पत्रे लाटणारा विभाग) सुरू झाली. माणसे कमी होणे हा त्या यंत्रबदलाचा परिणाम होता.

बजाज ऑटोचे आपल्याला अधिक जवळचे. स्कूटरचा खप ढासळला तेव्हा आकुर्डीत ऐच्छिक निवृत्तीच्या योजना आल्या आणि २००१ मध्ये पल्सर बाजारात आली. कंपनी सावरली, इतकी की आज ती अडचणीत होती हेच लोक विसरले. पण २००७ मध्ये आकुर्डीचे उत्पादन थांबले आणि काम चाकणसारख्या नव्या कारखान्यांकडे गेले. मग २०२२ मध्ये त्याच आकुर्डीत विजेवर चालणाऱ्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला.

---

थ्रॉसलखाते

ताळेबंद यांनी आकुर्डीची गोष्ट सांगितली आणि नकळत या धाग्यातील खरी मेख दाखवली, असे मला वाटते. कंपनी, कारखाना आणि कामगार या तीन निराळ्या गोष्टी आहेत. 'कंपनी सावरली' या वाक्यात दुसरी आणि तिसरी गोष्ट गृहीत धरली जाते, आणि तेथेच माणूस फसतो. हे समजायला सोलापुरातून बाहेर जायची गरज नाही.

माझे वडील येथील एका गिरणीत थ्रॉसल (सूत कातण्याच्या) खात्यात होते आणि आजोबा जुन्या मिलमध्ये. जुनी मिल, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, १८७७ ची. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या आल्या आणि शहराचा दिवस भोंग्यावर चालू लागला. आमच्या चाळीत घड्याळ एकाच घरी होते आणि तेही भोंग्यावरच लावले जाई.

जुन्या मिलची जी गोष्ट आजोबा सांगत, ती पुढे मी निकालपत्रांतून वाचली तेव्हा चकित झालो. २७ ऑगस्ट १९४९ रोजी संचालकांनी गिरणी बंद केली. हजारो माणसे एका दिवसात घरी बसली. केंद्र सरकारने ९ जानेवारी १९५० रोजी केवळ या एका गिरणीसाठी वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, आणि पुढे त्याचा कायदा केला. गैरव्यवस्थापन आणि हेळसांड यांमुळे एका अत्यावश्यक वस्तूच्या उत्पादनावर परिणाम झाला आणि समाजातील एका वर्गात गंभीर बेकारी निर्माण झाली, असे कारण त्या कायद्याच्या आरंभीच नोंदवलेले आहे. नुकत्याच प्रजासत्ताक झालेल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात या कायद्याविरुद्ध भागधारक गेले. डिसेंबर १९५० मध्ये एका भागधारकाची याचिका फेटाळली गेली, तर डिसेंबर १९५३ मध्ये दुसऱ्या एका भागधारकाच्या बाजूने निकाल लागून हा कायदा घटनाबाह्य ठरला, कारण भरपाई न देता मालमत्ता काढून घेतल्यासारखे झाले होते. १९५५ साली घटनेत चौथी दुरुस्ती झाली, तिच्या मागे जे निकाल होते त्यांत आपल्या सोलापूरच्या गिरणीचा हा निकालही होता. कायद्याचे विद्यार्थी आजही 'शोलापूर मिल केस' म्हणून तो अभ्यासतात. मात्र मुरारजी पेठेतून रोज जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक आहे, कोण जाणे.

हे एवढ्यासाठी लिहिले की गिरणी बंद पडल्यावर ती पुन्हा चालू करणे शक्य असते, आणि सरकारने ते करून दाखवले होते. भोंगा पुन्हा वाजला. तरीही ती गिरणी अखेर राहिली नाही. आजोबांचे म्हणणे असे की माणसे परत आली पण साचे (गिरणीतली यंत्रे) तेच राहिले. सूत तुटायचे तेवढेच तुटायचे. पूर्वी दोघे मिळून जोडत होते ते आता एकटा जोडू लागला. वडिलांच्या गिरणीतही तोच प्रकार पाहिला. आधी बदली कामगारांना 'काम नाही' म्हणून दारावरून परत पाठवणे, मग तिसरी पाळी बंद, मग एका माणसाकडे साच्यांच्या दुप्पट बाजू. दर वेळी सांगितले जाई की आता गिरणी सावरेल. नवा साचा मात्र एकही आला नाही.

आणि एक दिवस असा येतो की गिरणीच्या धंद्यापेक्षा तिच्या खालच्या जमिनीचा भाव अधिक होतो. त्यानंतर गिरणी चालवण्यात कोणालाच गोडी राहत नाही. यात कोणा एकाला दोष देण्याचा हेतू नाही; हिशेबच तसा उलटतो. १९०७ साली स्थापन झालेल्या जाम मिलची कंपनी शेअर बाजारात आजही नोंदलेली आहे, फक्त तिच्या नावात आता सूत-कापडाच्या जागी 'रिअल्टी' आहे. कंपनी टिकली का, असे विचाराल तर उत्तर 'हो' असेच द्यावे लागेल.

म्हणून धागाकर्त्यांना माझा एकच प्रश्न आहे. माणसे कमी झाल्यानंतरच्या या दोन महिन्यांत कारखान्याच्या फाटकातून नवे यंत्र आत आले, की जुने यंत्र बाहेर गेले?

---

हिप्परगा (धागाकर्ता)

आपला प्रश्न भावाला विचारला. दोन जुनी व्हीएमसी यंत्रे (धातू कापून मापात आणणारी संगणकचालित यंत्रे) एका रात्री ट्रेलरवर चढवून नेली. 'दुरुस्तीला पाठवली' असे सांगितले आहे. नवे काही आलेले नाही. एका नव्या भागाचा नमुना मात्र तयार करणे चालू आहे, तो इंजिनाचा नसून विजेवरच्या गाडीतील मोटरच्या आवरणाचा आहे असे तो म्हणतो. ते ॲल्युमिनियमचे असते आणि येथील भट्टी लोखंडाची आहे, त्यामुळे ओतकाम बाहेरून करून आणतात आणि केवळ मशीनिंग येथे होते.

---

जुना_मेंटेनन्स

धागाकर्ते, तो नमुना हीच आपल्याला मिळालेली सर्वांत चांगली बातमी आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. इंजिनाचा भाग बनवणाऱ्याला पुढील काळात दुसरे काहीतरी बनवावेच लागणार आहे. विजेवरच्या गाडीत कॅमशाफ्ट नाही, पिस्टन नाही, सिलेंडर ब्लॉक नाही. जो आज नमुने काढत आहे त्याला किमान हे उमगले आहे.

आता मी जे पाहिले ते सांगतो. मी तेवीस वर्षे देखभाल विभागात होतो, अक्कलकोट रोडच्या बाजूला. कपातीनंतर कारखाना चढणार की बुडणार हे ताळेबंदाच्या आधी स्टोअरच्या खिडकीत दिसते. आमच्याकडे कपात झाली तेव्हा वयस्क आणि पगार जास्त असलेले आधी गेले. त्यांत एक फिटर होते. एका जुन्या ग्राइंडिंग यंत्राचा स्पिंडल गरम होऊ लागला की ते हात लावून सांगत, अजून दोन दिवस चालेल किंवा आत्ताच थांबवा. त्यांच्या जागी कोणी आले नाही. तिसऱ्या महिन्यात तो स्पिंडल बसला, नव्यासाठी सात आठवडे लागले, आणि त्या सात आठवड्यांत जो माल गेला नाही त्याची किंमत त्यांच्या कित्येक वर्षांच्या पगाराहून अधिक होती.

दुसरी खूण इन्सर्टची. कापण्याच्या हत्याराचे ते लहानसे पाते. त्याला कडा चार असतील तर चारही वापरून झाल्यावर ते बदलायचे असते. पैसा आटला की स्टोअरवाला जुने पाते परत दाखवल्याशिवाय नवे देत नाही, इथवर ठीक आहे. त्यानंतर तो 'अजून थोडे चालवा' म्हणू लागतो. बोथट पात्याने काम खरखरीत येते, माप सुटते, रिजेक्शन वाढते. मग सुपरवायझर कामगारावर ओरडतो आणि कामगार मान खाली घालून तेच पाते पुन्हा लावतो. आपल्या भावाला विचारा: इन्सर्ट मागितल्याबरोबर मिळते का? मापे घेण्याची साधने वेळच्या वेळी तपासायला जातात का? भट्टी आठवड्यातून किती दिवस पेटते? या तीन उत्तरांवरून मी व्यवस्थापनाच्या भाषणापेक्षा अधिक सांगू शकेन.

---

शेंगाचटणी

हा सगळा धागा पुरुष मंडळींच्या पगाराभोवती फिरत आहे, म्हणून लिहिते.

गिरणी बंद झाली तेव्हा मी सातवीत होते. वडिलांनी पहिले वर्ष 'चालू होणार' या आशेवर काढले. रोज सकाळी डबा घेऊन फाटकापर्यंत जात, तेथे इतर लोक बसलेले असत, त्यांच्यात बसून डबा खाऊन परत येत. त्या काळात घर आईच्या सुपावर, म्हणजे विड्या वळण्यावर, चालले. पाने भिजवायची, कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायच्या, दोरा बांधायचा; हजार विड्या पुऱ्या झाल्या की कारखान्यात नेऊन द्यायच्या आणि तेथे छाट (नापास विड्या) निघाली की तेवढ्या वाया. विडीतली ही 'छाट' आणि गिरणीतली 'छाटणी' एकाच क्रियापदाची लेकरे आहेत, हे मला फार उशिरा सुचले.

सोलापुरातील किती घरांनी हे केले असेल! पूर्व भागात तर घराघरात सूप होतेच. आमच्यासारख्या गिरणीच्या चाळीतल्या घरांत ते नंतर आले. गिरण्या गेल्यावर शहर उभे राहिले असे जे म्हणतात, ते खरे पाहता यंत्रमाग, विडी आणि रिक्षा यांवर उभे राहिले, आणि त्या तिन्हींत गिरणीसारखी भविष्यनिर्वाह निधीची खात्री किंवा हक्काची रजा बहुतेकांना मिळाली नाही.

त्यामुळे धागाकर्त्यांच्या भावाने काय करावे हे मी सांगणार नाही, पण एक वर्ष आशेवर बसून काढू नये. वडिलांचा तोटा नोकरी गेल्याने झाला त्यापेक्षा त्या एका वर्षाने अधिक झाला. बरोबरचे जे लोक पहिल्या महिन्यातच यंत्रमागावर गेले, त्यांना जागा मिळाल्या. वर्षाने गेलेल्यांना कमी दरावर उभे राहावे लागले.

---

यंत्रमाग

मी चादर-टॉवेलच्या व्यवसायात आहे, म्हणजे येथील दृष्टीने 'मालक'. प्रामाणिकपणे लिहितो, राग आला तरी चालेल.

माणूस कमी करणे हा नेहमी लोभ नसतो. सूत महाग झाले आणि टॉवेलला भाव मिळेना, तेव्हा मी चोवीस मागांपैकी दहा भंगारात विकले. विकले नसते तर चोवीसही गेले असते. कमी केलेल्या कामगारांपैकी तिघे आजही समोर भेटले की बोलत नाहीत. त्यांचे बरोबर आहे आणि माझेही चूक नव्हते. थ्रॉसलखाते म्हणतात तसे यंत्र आले पाहिजे, हे मान्य. पण बिनधोट्याचा (शटललेस, नव्या पद्धतीचा) एक माग घ्यायचा तर जुन्या मागांच्या अख्ख्या रांगेची किंमत पडते, आणि बँक विचारते की ऑर्डर दाखवा. ऑर्डर देणारा म्हणतो, आधी माग दाखवा. या फेऱ्यात अडकलेल्या माणसाने काय करावे, हे लिहिणाऱ्यांपैकी कोणी सांगितले नाही.

---

थ्रॉसलखाते

यंत्रमाग यांच्या प्रतिसादाबद्दल आभार. दहा माग विकून आलेला पैसा उरलेल्या चौदांत घातला की देणी भागवण्यात गेला, हे विचारणे अगोचरपणाचे वाटू नये.

---

यंत्रमाग

अर्धा सुताच्या व्यापाऱ्याला, अर्धा जॅकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) दुरुस्तीला. आपला मुद्दा कळला.

---

कलम_पंचवीस

मी कामगार न्यायालयात वकिली करतो. दोन-तीन गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक वाटते, कारण त्यांवर धागाकर्त्यांच्या भावाचा निर्णय अवलंबून आहे.

वर्तमानपत्रे ज्याला सरसकट 'ले-ऑफ' म्हणतात, तो आपल्या कायद्यात वेगळा शब्द आहे. कच्चा माल, वीज, मागणी यांच्या अभावी कामगाराला तात्पुरते काम देता येत नाही तो ले-ऑफ. त्यात नोकरी राहते आणि पात्र कामगाराला मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. नोकरीच संपवली तर ती छाटणी. छाटणीत एक महिन्याची सूचना किंवा त्याबदली पगार, आणि सलग सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार अशी भरपाई द्यावी लागते. ग्रॅच्युइटी याहून वेगळी. त्या त्या वर्गात शेवटी आलेला प्रथम जातो, हा सर्वसाधारण नियम आहे, आणि तो मोडायचा तर कारणे नोंदवावी लागतात. जुना_मेंटेनन्स यांच्याकडे वयस्क आधी गेले असतील तर बहुधा ते ऐच्छिक निवृत्तीच्या मार्गाने गेले असावेत, कारण त्या मार्गाला हा क्रम लागू होत नाही.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला छाटणीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा ३०० झाली आहे. धागाकर्त्यांनी कायम कामगारांचा आकडा २९० सांगितला आहे. तो आकडा मला फार बोलका वाटतो. गेल्या बारा महिन्यांची सरासरी धरताना कोण मोजले जाते आणि कंत्राटी मुलांचे काय, येथूनच वाद सुरू होईल, आणि ती मुले आधी का गेली याचेही उत्तर कदाचित येथेच सापडेल. त्या ११८ जणांनी हे तपासून घ्यावे. नव्या संहितेनुसार छाटणी झालेल्या कामगारासाठी पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम पुनर्कौशल्य (नवे काम शिकण्यासाठीच्या) निधीत भरायची असून ती छाटणीपासून ४५ दिवसांत त्याच्या खात्यात जमा व्हावी अशी तरतूद आहे, तीही मागावी. पुढे भरती निघालीच, तर छाटलेल्यांना प्राधान्य देण्याचीही तरतूद आहे. ऐच्छिक निवृत्ती घेणारा मात्र राजीनामा देऊन गेलेला असतो, त्याला हा हक्क सांगता येणे कठीण.

आणि समजा कंपनी अखेर दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि अवसायनात निघाली (म्हणजे मालमत्ता विकून बंद केली गेली), तर कामगारांची २४ महिन्यांपर्यंतची थकबाकी तारण असलेल्या कर्जदात्यांच्या बरोबरीने धरली जाते. कागदावर हे चांगले आहे. वाटायला काय उरते, हा प्रश्न वेगळा.

---

कडक_भाकरी

म्हणजे सारांश असा की नवा पैसा, नवा माल आणि नवे यंत्र आले तर कंपनी सावरते, न आले तर नाही. हे तर कोणीही सांगेल. बीएसएनएलचे काय? तेथे ३१ जानेवारी २०२० रोजी ७८,५६९ लोक एकाच दिवशी ऐच्छिक निवृत्तीने गेले, म्हणजे निम्म्याहून अधिक कार्यालय रिकामे झाले. माझे मेहुणे त्यांत होते.

---

ताळेबंद

बीएसएनएलला त्यानंतरही पाच वर्षे लागली. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ या तिमाहीत २६२ कोटी रुपयांचा नफा दिसला, तो २००७ नंतरचा पहिला. आणि त्यामागे सरकारचे २०१९ चे पुनरुज्जीवन पॅकेज, २०२२ चे १.६४ लाख कोटींचे आणि २०२३ चे ८९,०४७ कोटींचे पॅकेज होते. पगाराचा बोजा उतरला नसता तर नफा दिसला नसता हे खरे. परंतु पगाराचा बोजा उतरला म्हणून ग्राहक आला, असे झाले नाही. उलट बाजूला एचएमटीची घड्याळे पाहा. तेथेही ऐच्छिक निवृत्तीच्या फेऱ्या झाल्या, माणसे कमी होत गेली, पण क्वार्ट्झच्या घड्याळांनी बाजार नेला तो परत आला नाही, आणि जानेवारी २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने ती कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली.

आपण म्हणता तसे हे कोणीही सांगेल, मान्य. पण फलकावर यादी लागते तेव्हा ते कोणी विचारत नाही, म्हणून लिहावे लागते.

---

हिप्परगा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. भावाशी रविवारी दोन तास बोललो. जुना_मेंटेनन्स यांच्या प्रश्नांची उत्तरे अशी आहेत. इन्सर्ट मागितल्यावर मिळते, पण सुपरवायझरची सही लागते. गेज (मापे घेण्याची साधने) तपासणीला गेल्या महिन्यात गेले होते. भट्टी पूर्वी सहा दिवस पेटत असे, आता तीन दिवस. मोटरच्या आवरणाचे पहिले शंभर नग ग्राहकाने मंजूर केले असून पुढील ऑर्डर कोणती यंत्रे बसवणार यावर ठरेल, असे त्याने सुपरवायझरकडून ऐकले आहे. म्हणजे यंत्रमाग यांनी सांगितलेला फेरा येथेही आहेच.

त्याचा विचार असा आहे की त्याला नव्या भागाच्या कामावर घेतले असल्याने आता निघू नये; पण सहा महिन्यांत एकही नवे यंत्र आले नाही तर पुढील योजनेची वाट न पाहता बाहेर पडावे. शेंगाचटणी यांचे लिहिलेले मी त्याला वाचून दाखवले. तो काही बोलला नाही, मात्र त्याने स्वतःहून भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक मोबाईलवर उघडले. गेल्या चार महिन्यांची वर्गणी जमा दिसत नाही. पगारपत्रकात मात्र ती कापलेली आहे.

---

कलम_पंचवीस

हे आपण शेवटी लिहिलेत, खरे तर ते पहिल्या ओळीत हवे होते. पगारातून कापलेली वर्गणी जमा न करणे ही साधी दिरंगाई मानली जात नाही. चारही महिन्यांची पगारपत्रके आणि पासबुकाच्या पानाची प्रत आजच बाजूला काढून ठेवावी, आणि भावाने एकट्याने न जाता आणखी पाच-सात जणांची पासबुके पाहून मग एकत्र लेखी विचारणा करावी. ग्रॅच्युइटीचा पैसा कंपनीने एखाद्या विमा कंपनीच्या गट योजनेत दरवर्षी भरला आहे की केवळ पुस्तकात दाखवला आहे, हेही त्याच पत्रात विचारावे.

---

जुना_मेंटेनन्स

आणि ती दोन व्हीएमसी यंत्रे दुरुस्तीला कोठे गेली, तेही. दुरुस्तीला गेलेल्या यंत्राचे परत येण्याचे गेटपास फाटकावर असते, सुरक्षारक्षकाला दिसते.

---

हिप्परगा (धागाकर्ता)

भाऊ उद्या पहिल्या पाळीला आहे. फाटकावरचा रक्षक आमच्याच गल्लीतला आहे, तो पाहून सांगेल. पासबुके गोळा करायला त्याने आजच तिघांना फोन केले.